चेपनी

ऑक्टोबर लागला की आमच्या वसाहतीत माझा भाव वाढतो. दिवाळीच्या साफसफाईसाठी लोक माळे उपसायला घेतात, गॅलरीतले कोपरे मोकळे करतात, आणि मग कुणाला तरी आठवतं, अरे, ती मागच्या गल्लीतली बाई जुनी वॉशिंग मशीनं घेते ना, तिला फोन लाव. फोन येतो. समोरचा माणूस मोठ्या उत्साहानं सांगतो, "मॅडम, एकदम अँटिक पीस आहे, आमच्या लग्नातला." मी विचारते, लग्न कधी झालं? तो सांगतो. मी म्हणते, "दादा, तुमचं लग्न अजून अँटिक झालेलं नाही. मशीन भंगारवाल्याला द्या." काही जण हसतात, काही जण फोन आपटतात.

मला हवी असतात ती इंग्लंडात बनलेली, माझ्या जन्माच्या आधीची मशीनं. चौकोनी टब, सायीच्या रंगाचं इनॅमल, पाणी घुसळणारा एक पंखा आणि टबाच्या वर कपडे पिळायचे दोन रोलर. रोलरना बाजूला दांडा. ओला कपडा दोन रोलरच्या फटीत सरकवायचा, दांडा फिरवायचा, पाणी खाली टबात पडतं आणि कपडा चपटा होऊन पलीकडे येतो. अर्धं काम मशीनचं, अर्धं बाईचं. अशी काही मशीनं माझ्या मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहेत. शेजाऱ्यांच्या अंगणात जास्वंद आहे, कढीपत्ता आहे. आमच्याकडे ही मंडळी.

हा नाद मला नोकरीत लागला. तळोजाच्या एका विजेच्या मोटर बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होते. एकदा कुणीतरी एक जुनी इंग्लिश मोटर वाइंडिंगसाठी आणून टाकली. उघडली तर आतली तार इतकी नीट गुंडाळलेली की मी टेबलावरची सगळी कामं बाजूला सारली. ही कशाची मोटर, विचारलं, तर म्हणे धुण्याच्या मशीनची. झालं! त्या दिवसापासून वाचायला लागले. कोणत्या साली रोलर दुमडून झाकणाखाली जायला लागले, कोणत्या साली पंखा तळातून बाजूला गेला, पितळी पट्टीवरचा नंबर कसा वाचायचा. इंग्लंडातल्या दोन-तीन संग्राहकांशी मेलवर ओळख झाली. त्यातल्या एका आजोबांचा स्वभाव माझ्यासारखाच, म्हणजे तिरसट. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

आईला मात्र हे सगळं खूळ वाटायचं. मी तिला त्या काळातल्या जाहिराती दाखवायची. उंच टाचांचे बूट घातलेली, केस वळवलेली, ओठ रंगवलेली गोरी बाई मशीनशेजारी उभी राहून हसतेय. आईनं चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही धुणं धुतीया का लग्नाला चाललीया?"

आईला विचारायचा हक्क होता. परभणीकडच्या गावातून ती आणि बाबा इथे आले तेव्हा नेरूळच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. बाबा बांधकामावर, आई लोकांच्या घरी धुण्याला. मोठ्या चादरी ती नळाला अडकवायची आणि दुसऱ्या टोकाकडून पिळत यायची. लहानपणी मी तिच्याबरोबर जायची, मोरीच्या उंबऱ्यावर बसून पाढे म्हणायची. तिच्या मनगटाची शीर फुगायची ते मला अजून दिसतं. त्या हातांनी माझं शिक्षण झालं, हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. आपल्या भाषेत पिळणे या एका शब्दातून काय काय निघालं आहे! मिशीला पीळ असतो, दंड पीळदार असतात, पोटात पीळ पडतो, आणि माणसांची होते ती पिळवणूक. आईनं यातलं बरंच काही भोगलं. पण स्वतःचं लुगडं तिनं उभ्या जन्मात दुसऱ्याला पिळू दिलं नाही. लग्न झाल्यावर सासूला नाही, मी मोठी झाल्यावर मला नाही, घरात ऑटोमॅटिक मशीन आल्यावर त्यालाही नाही. "मी लोकांचं धुतलं, माझं कोणी धुवायचं न्हाई," एवढंच म्हणायची.

ही गोष्ट घडली त्या वर्षी पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची पकड मात्र गेली. हात खांद्यापासून हलायचा, पण मूठ वळायची नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा नाही येणार. मी तिची पातळं मशीनमधे टाकायला लागले आणि ती काही बोलेना. मला वाटलं, चला, समजूत पटली. मग एकदा लक्षात आलं की बाईसाहेब कालचंच पातळ नेसून बसल्या आहेत. परवाचंही तेच होतं. धुवायला पडू नये म्हणून ती बदलतच नव्हती! दिवसातून दोनदा पातळ बदलणारी बाई. मी चिडले, ओरडले, शेवटी रडलेही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझ्यावर माझं धुणं कशाला?" आणि वर आणखी एक घाव घातला. "औंदा दसऱ्याला मी विहारात येनार न्हाई."

दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी आदल्या दिवशी आई आपली पांढरी साडी स्वतः धुणार, नीळ घालणार, कडक पिळून उन्हात टाकणार, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी विहारात जाऊन पुढच्या सतरंजीवर बसणार. यात कधी खंड नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा गेली. ती आता येणार नाही म्हणते याचा अर्थ मला कळला. ही बाई जगण्यातून मन काढायला लागली होती.

मी हट्टी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्या घरातला तो आजार आहे. मी ठरवलं, आईची साडी आईच पिळणार. दसऱ्याच्या आधी. डाव्या हातानं पिळेल, पण पिळेल.

आता तुम्ही म्हणाल, घरात पिळायची मशीनं रांगेनं उभी असताना अडचण काय? अडचण अशी की त्यातल्या एकाचेही रोलर धड नव्हते. जुनं रबर आपल्याकडच्या उन्हानं वितळून डांबर होतं नाहीतर चिरून त्याचा चुरा होतो. दाखवायला ठीक, काम शून्य. भाच्यानं ऑनलाइन एक प्लॅस्टिकचं पिळायचं खेळणं मागवून दिलं. सुती साडीची पहिली घडी आत गेली आणि त्याचा कडकन तुकडा पडला. तळोजात रबरवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले, मॅडम, दोन रोलरसाठी साचा कोण बनवणार, ट्रकभर ऑर्डर आणा. इंग्लंडातल्या आजोबांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की त्या मॉडेलचे रोलर आता जगात कुठे मिळत नाहीत, आणि कृपा करून त्यात दुसरं काहीबाही बसवून मशीनची वाट लावू नका. मनात म्हटलं, आजोबा, तुम्ही चहा घ्या.

मग मला आठवण झाली ती दुसऱ्या मशीनची. माझ्याकडचं सगळ्यात देखणं मशीन मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडून आलं होतं. देताना त्या म्हणाल्या होत्या की अशी दोन होती, एक त्यांच्या आईनं घरी मासे घेऊन येणाऱ्या कोळणीला देऊन टाकलं, करावे गावच्या. करावे म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं. सीवूड्सचा मॉल ओलांडला, टॉवर मागे टाकले की गाव. त्याचे रोलर धड असले तर? मी पिशवी घेतली आणि निघाले.

कडक ऊन होतं. पाऊस गेलेला, हवा थांबलेली, खाडीकडून चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. गल्लीगल्लीत विचारत फिरले, कुणाकडे जुनं वॉशिंग मशीन आहे का? एकानं सांगितलं, नवीन घ्या ना, ईएमआयवर मिळतं. एका पोरीनं दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला. एका आजींना वाटलं मी सर्व्हेला आले आहे. त्यांनी घरातली माणसंच मोजून सांगितली. रोज जायची, रोज हात हलवत परत. घरी आई त्याच पातळात.

दोन दिवसांनी घट बसणार होते त्या दुपारी मी बेबीबायच्या ओट्यावर टेकले. बेबीबाय म्हणजे सीवूड्सच्या बाजारात जिच्याकडून आम्ही मासळी घेतो ती. भरल्या अंगाची, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाव कळावा. तिच्याकडेही मी आधी विचारून गेले होते आणि तीही "नाय गो" म्हणाली होती. त्या दिवशी नुसतीच पाणी मागायला थांबले. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. नवरात्रात मासळी कोण खातंय, म्हणून गिऱ्हाइकांनी आधीच बोंबील मागवून ठेवले होते. टॉवरमधल्या लोकांना बोंबील साफ करून, चिरून, पाणी काढून लागतात, आणलं की रवा लावून तव्यावर टाकायचं. टोपलीभर बोंबील चिरून तयार होते. बेबीबायनं सुनेला हाक मारली, "चेपनी घे गो भायेर."

सून आतून काहीतरी ओढत आणायला लागली. खर्रर्र आवाज आला. आधी चौकोनी टब दिसला, मग त्याचं जागोजाग उडालेलं सायीच्या रंगाचं इनॅमल, मग वरचे दोन रोलर. माझ्या हातातला चहा सांडला.

"बेबीबाय! हे वॉशिंग मशीन आहे!"

"येडी का काय?" ती म्हणाली. "ही चेपनी हाय."

"अगं, ही कपडे धुवायची. इंग्लंडची. मी आठवडाभर हेच विचारत फिरतेय!"

"तू वाशिंग मशीन इचारलंस. चेपनी कवा इचारलीस?"

बेबीबायची सासू त्या पारशी घरी मासळी द्यायला जायची तेव्हा तिनं मागच्या गॅलरीत गड्याला चादर पिळताना पाहिलं होतं. चादर फटीतून गेली, पाणी खाली, चादर चपटी. सासूच्या डोळ्यांसमोर चादर राहिलीच नाही, बोंबील दिसला. बोंबलात मूळचं पाणीच पाणी. तो पाट्याखाली तासन् तास दाबून ठेवावा लागतो तेव्हा कुठे तळायजोगा होतो. बाई मशीन काढणार म्हणताच सासूनं ते होडीत घालून आणलं. मोटर काढून टाकली. टबात बर्फ ठेवला. आणि पातळ फडक्यात बोंबील गुंडाळून दोन रोलरमधून काढायला लागली. गावात त्याला कपडे धुवायचं मशीन असं कधी कुणी म्हटलंच नाही, कारण त्यात कधी कपडा धुतलाच नाही. मी इतकी वर्षं त्या मशीनचा इतिहास लिहून काढत होते आणि त्याचा हा अर्धा जन्म इंग्लंडात कुणाला माहीत नव्हता. मला हसू आवरेना. बेबीबायनं सुनेकडे पाहून कपाळाजवळ बोट फिरवलं.

बोंबील मधे सरकले, सुनेनं दांडा फिरवला, पाणी ठिबकलं. तेव्हा मी पाहिलं की रोलर रबराचे नाहीतच. लाकडाचे आहेत. रबराला घाण वास धरायला लागला म्हणून बेबीबायच्या सासऱ्यांनी होडीच्या सुताराकडून सागाचे करून घेतले होते. वर्षानुवर्षं बर्फ, खारं पाणी, मासळी, आणि लाकडाला साधी चीर नव्हती.

खरं सांगते, आधी मला हाव सुटली. ते मशीनच हवं झालं. म्हटलं, बेबीबाय, मला दे, बदल्यात नवीन घेऊन देते, बटण दाबलं की सगळं करणारं. तिनं कमरेवर हात ठेवले. "मंग बोंबील तुझे डोक्यावर चेपू का?" बरोबरच होतं तिचं. माझ्याकडची मशीनं पत्र्याखाली पुसून ठेवलेली, आणि हे एकटं अजून कामावर जात होतं. कामावरच्या माणसाला उचलून मी दिवाणखान्यात बसवायला निघाले होते.

मग मी तिला आईचं सांगितलं. पातळ न बदलण्याचं, विहारात येणार नाही म्हणण्याचं, सगळं. मशीन नको, म्हटलं, फक्त हे दोन रोलर दे, माप घेऊन तस्से करून घेते. तिनं पुढचे बोंबील फडक्यात गुंडाळले. मान वर न करता म्हणाली, "नवरात्रान चेपनी तशी रिकामीच असते. पन दसऱ्याचे दुसरे दिवशी मना बाजारान उभं रायचं हाय. त्याचे आदी आन."

"आणते."

"आन तुझे आयशीला सांग, बोंबलाचा वास आला त बोंबलायचा नाय."

रोलर घेऊन मी थेट तळोजाला गेले. ओळखीचा एक लेथवाला आहे, लोखंडाची कामं करतो. तो लाकूड बघून नाक मुरडायला लागला, आणि वास घेतल्यावर तर जास्तच. मी स्टूल ओढून त्याच्या समोर बसले. झाल्याशिवाय उठणार नाही हे त्याला जुन्या ओळखीमुळे माहीत होतं. सागाचे नवे रोलर झाले, माझ्या मशीनच्या खाचांत बसलेही. पण साडी घातली तर घसरायला लागली. बोंबील फडक्यात चिकटून पुढे जातो. ओली साडी गुळगुळीत लाकडावर जागच्या जागी नाचत होती. नवरात्र निम्मं सरलं होतं. मी बाजारातून जाड मांजरपाट आणला, दोन्ही रोलरवर ताणून गुंडाळला आणि सुतळी ओवायच्या दाभणानं शिवून टाकला. बोटं सोलवटली. साडी धरली गेली.

मग दांड्याचा प्रश्न आला. दांडा उजवीकडे, आईचा चालणारा हात डावा. मी पिळायचा सगळा सांगाडा उलटा फिरवून बसवला, नवी भोकं पाडून. इनॅमल तडकलं. इंग्लंडच्या आजोबांना मी त्याचा फोटो आजतागायत पाठवलेला नाही. म्हातारा माणूस आहे, उगाच टेन्शन कशाला.

बेबीबायचे रोलर तिला वेळेत परत केले. तिनं ते उलटेसुलटे करून पाहिले, हुंगले, आणि वर एक पापलेट माझ्या पिशवीत टाकलं. नवरात्रातलं पापलेट घेऊन मी सोसायटीतून अंग चोरून घरी आले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी आईची पांढरी साडी कपाटातून काढली, बादलीत साबण कालवला आणि मशीन तिच्या स्टुलाजवळ ओढलं. अंगणात ऊन तापलं होतं. आईनं आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्या बोटांना लावलेल्या पट्ट्यांकडे. "काय केलंस हे?" मी म्हटलं, "दांडा आहे. डाव्या हाताला. फिरवायचा असेल तर फिरव, नाहीतर मी मशीनमधे टाकते." माझा आवाज उगाचच चढला होता. भीती वाटली की मी अशीच बोलते.

ती पदर खोचायला गेली, उजव्या हाताला जमेना, डाव्यानं खोचला. साडी साबणात घोळवली, साध्या पाण्यात खळबळवली, नीळ टाकली, पुन्हा बुडवली. सगळं एका हातानं, फार हळू. मग साडीचं टोक उचललं आणि फटीपाशी आणलं. उजवा हात वर आणून ठेवला. त्याला काही धरता येत नव्हतं, पण साडी दाबून ठेवण्याइतका तो जड होता. डाव्या हातानं दांडा धरला आणि फिरवला. टोक आत गेलं. निळसर पाण्याची धार टबात पडली. पलीकडून साडीची पट्टी बाहेर आली, आणि आईनं मान वाकवून ती पाहिली, बोटानं चाचपली.

"वल्ली हाय अजून," ती म्हणाली. रोलर दाबणारा वरचा स्क्रू मला आवळायला लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

अर्ध्यावर काठाची जाड घडी आली. दांडा अडला. तिनं जोर लावला, खांदा कापायला लागला, मानेची शीर टरटरली. मला बघवेना. मी पुढे होऊन दांड्यावर हात ठेवला.

आईनं कोपरानं मला ढकललं. इतक्या जोरात, की मी मागे सरकले.

"हात काढ," ती म्हणाली. "धुनं माझं हाय."

मी हात काढला.